गोठ्यात क्षय आणि राग कांडेचोरावर

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आमचं घर कणकवलीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आहे. घरी दोन संकरित गाई, एक गावठी गाय आणि दोन वासरं होती. त्यातली मोठी जर्सी गेल्या पावसाळ्यापासून खंगत गेली. खायची, पण अंगाला लागायचं नाही. पहाटे ढासायची. औषधं पुष्कळ झाली. मार्चमध्ये ती गेली. आमच्या डॉक्टरांनी तिला फाडून बघितलं तर फुप्फुसात पिवळट गाठी निघाल्या, सुरी फिरवली की वाळूसारख्या करकरायच्या. क्षय म्हणाले. माझ्या मुंबईच्या पुतण्याने व्हिडिओ पाठवला की इंग्लंडात गाईंना टीबी होऊ नये म्हणून बॅजर नावाचा रानातला प्राणी सरकारच मारतं. आमच्या गोठ्याच्या माळ्यावर एक कांडेचोर, म्हणजे उदमांजर, राहतो आणि मागे काजूच्या बागेत साळिंदराची बिळं आहेत. आता वाडीतले मुलगे म्हणतात, "आधी त्या कांडेचोराक मारूक होयो, मगे बिळात धूर घालूया." माझं मन घेत नाही, पण उरलेल्या जनावरांची काळजीही आहे. काय करू?

उत्तर : ताई, मुलांना आज संध्याकाळीच सांगा, धूर घालायचा नाही आणि विषही ठेवायचं नाही. तुमचं मन घेत नाही ते बरोबरच आहे. पण नुसतं मन पुरणार नाही, वाडीला कारण द्यावं लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बॅजर. हा आपल्या तिलारीच्या पाणमांजराच्या कुळातला प्राणी आहे. तोंडावर काळेपांढरे पट्टे, वजन दहाबारा किलो. जमिनीखाली पिढ्यान्‌पिढ्या उकरलेल्या बिळांत कुटुंबाने राहतो आणि रात्री गाईंच्या कुरणात येऊन गांडुळं खातो. १९७१ साली इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात मेलेल्या एका बॅजरच्या अंगात गाईच्या क्षयाचा जंतू सापडला. तेव्हापासून हा प्राणी तिकडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. १९७५ पासून त्यांच्या बिळांत सायनाइडचा वायू सोडत असत. प्राणी हालहाल होऊन मरतात हे प्रयोगांत दिसल्यावर १९८२ मध्ये ते बंद केलं. तुमचे मुलगे धूर घालायला निघालेत म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. नुसता वाद घालत न बसता त्यांनी प्रयोग केला. १९९८ ते २००५ या काळात शंभर शंभर चौरस किलोमीटरचे तीस भाग आखले आणि तीनतीनचे दहा गट पाडले. प्रत्येक गटातल्या एका भागात दरवर्षी सगळीकडचे बॅजर मारायचे. दुसऱ्यात ज्या गोठ्यात क्षय निघेल त्याच्या आसपासचेच मारायचे. तिसऱ्यात हातही लावायचा नाही. कुठल्या भागात काय करायचं ते माणसांनी आपल्या मनाने ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवायचं. त्यात सुमारे अकरा हजार बॅजर मारले गेले.

आता नीट वाचा. दुसरा प्रकार, म्हणजे गोठ्यात रोग निघाला की शेजारची बिळं साफ करायची, हाच तुमच्या वाडीचा बेत आहे. त्या भागांत गाईंचा क्षय कमी तर झाला नाहीच, उलट सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि २००३ मध्ये तो प्रकार मधेच थांबवावा लागला. सगळीकडचे बॅजर मारले त्या भागांत आतला क्षय सुमारे २३ टक्क्यांनी घटला, पण हद्दीबाहेरच्या दोन किलोमीटरच्या पट्ट्यात तो सुमारे २५ टक्क्यांनी चढला. याचं कारण बॅजरच्या राहणीत आहे. त्याच्या प्रत्येक कुटुंबाची हद्द ठरलेली असते. तुम्ही वाडीतल्या कुत्र्यांचं बघितलंच असेल. हद्द राखणारा कुत्रा मेला की चारी बाजूंनी परके कुत्रे शिरतात, भांडतात, चावतात. बॅजरांतही अर्धे मारले की उरलेले सैरभैर होऊन लांब लांब फिरतात आणि जंतूही त्यांच्याबरोबर फिरतो. या प्रयोगावर देखरेख करणाऱ्या जॉन बोर्न यांच्या समितीने २००७ मध्ये स्पष्ट लिहिलं की बॅजर मारून ब्रिटनमधल्या गाईंचा क्षय आटोक्यात आणायला म्हणण्यासारखा हातभार लागणार नाही.

तरी २०१३ पासून सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशायरमध्ये पुन्हा मारायला सुरुवात झाली आणि पुढे ते इतर परगण्यांत पसरलं. आतापर्यंत दोन लाखांहून जास्त बॅजर गेले. त्या भागांत क्षय घटल्याचे आकडे आहेत, ते मी लपवणार नाही. पण त्याच वर्षांत गाईंच्या चाचण्याही कडक झाल्या, त्यामुळे घट कशाने झाली यावर तिथले शास्त्रज्ञ आजही एकमेकांशी भांडतात. २०१८ साली चार्ल्स गॉडफ्रे यांच्या समितीने सांगितलं की बॅजरवर बोट ठेवण्याच्या नादात गाईकडून गाईला होणाऱ्या संसर्गाकडे दुर्लक्ष झालं. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने या संसदेच्या मुदतीत ही मोहीम संपवायचं जाहीर केलं.

त्यांच्या इतिहासातली एक गोष्ट मी प्रत्येक गोपालकाला सांगतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या खुरकुताची मोठी साथ आली आणि लाखो जनावरं मारली गेली. त्या गडबडीत क्षयाच्या चाचण्या थांबल्या. साथ सरल्यावर रिकामे गोठे भरण्यासाठी लोकांनी दूरदूरहून गाई विकत आणल्या. जिथे क्षय नव्हता तिथे तो त्या गाईंबरोबर ट्रकमधून आला. बॅजर काही ट्रकमध्ये बसून गेला नव्हता.

म्हणून ताई, तुमच्या पत्रात जे मला सापडलं नाही तेच आता विचारतो. ती जर्सी खंयसून हाडलास? घरच्याच गाईची कालवड होती, की घाटावरच्या बाजारातून आणली? आणली तेव्हा कोणी तिची क्षयाची चाचणी केली होती का? मी ३४ वर्षं सरकारी पशुवैद्य होतो, त्यातली २२ सिंधुदुर्गात. क्षयाच्या गाईंचा माग काढत गेलो तेव्हा तो मला कधी कांडेचोराच्या माळ्यापाशी घेऊन गेला नाही. तो गेला बाजारात, दलालाच्या वहीत, नाहीतर शेजारच्या दावणीवर.

आणि एकदा माझ्या स्वतःच्या सहीपाशी येऊन थांबला. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. नव्वदच्या दशकात एका योजनेतून महिलांना दुभत्या गाई द्यायच्या होत्या. घाटावरच्या एका बाजारात चौदा गाई निवडायला मी गेलो होतो. दात बघितले, सड बघितले, दूध काढून मोजलं, ताप घेतला. क्षयाची चाचणी केली नाही. तिला तीन दिवस लागतात आणि ट्रक संध्याकाळी निघणार होता. मी तंदुरुस्तीच्या दाखल्यांवर सह्या केल्या. दीड वर्षाने त्यातली एक गाय तुमच्या जर्सीसारखीच गेली. तिच्या पोटात त्याच करकरणाऱ्या गाठी बघितल्यावर मी उरलेल्या तेरांची चाचणी केली, तर चार बाधित निघाल्या. त्यातल्या एका बाईचा नवरा मुंबईला गिरणीतून सुटून घरी बसला होता आणि घर त्या गाईच्या दुधावर चालत होतं. तिने मला शिव्या दिल्या नाहीत. "डॉक्टरांनू, आता काय करू?" एवढंच विचारलं. तुमच्या पत्राचा शेवटही त्याच शब्दांनी झाला आहे, म्हणून हे उत्तर इतकं लांबलं.

तर काय करायचं. गाय दगावल्यावर क्षय निघाला ही नोंद तुमच्या डॉक्टरांनी वर कळवली आहे का ते विचारा. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यात गाईचा क्षय येतो, तेव्हा कळवण्यात लाज नाही आणि टाळण्यात शहाणपण नाही. मग उरलेल्या दोन्ही गाई आणि वासरांची ट्युबरक्युलिन चाचणी करून घ्या. मानेवरचे केस भादरून, कातडीची घडी कॅलिपरने मोजून, ट्युबरक्युलिन नावाचं द्रव्य कातडीच्या आत टोचतात आणि ७२ तासांनी येऊन घडी पुन्हा मोजतात. ४ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त सुजली तर गाय बाधित धरतात. डॉक्टर तिसऱ्या दिवशी आलेच पाहिजेत. नुसतं टोचून गेले तर त्या चाचणीला अर्थ नाही, मागे लागून बोलवा.

ही चाचणी फसतेही, आणि नेमकी कुठे फसते ते गोपालकाला माहीत हवं. व्यायल्यानंतर महिना-दीड महिना गाईचं अंग प्रतिसाद देत नाही. रोग शेवटाला गेलेली, हाडांचा सापळा झालेली गाय तर बरेचदा साफ निर्दोष दाखवते. आणि नुकतंच एकदा ट्युबरक्युलिन टोचलं असेल तर पुढचे काही आठवडे सूज येत नाही. काही दलालांना हे ठाऊक असतं. म्हणून एका निकालावर निर्धास्त होऊ नका. दोन महिन्यांनी, म्हणजे ६० दिवस उलटल्यावर, सगळ्यांची पुन्हा चाचणी करा. तोवर एकही जनावर विकत घेऊ नका आणि विकू नका.

विकण्याबद्दल जरा कठोर लिहितो. ब्रिटनमध्ये बाधित गाय सरकार कापतं आणि मालकाला भरपाई देतं. आपल्या राज्यात गाय कापता येत नाही, २०१५ पासून बैल आणि वळूही नाही. तेव्हा बाधित गाय निघाली की सगळा भार मालकाच्या डोक्यावर येतो. चारा, जागा, कष्ट, सगळं. हा अन्याय आहे असं मला वाटतं. रोगी गाय सांभाळणाऱ्याला सरकारने वैरणीचा खर्च द्यायला हवा, नाहीतर रोग लपवला जाणार. पण तोवर लोक करतात काय? पंधरा हजारांची गाय चार हजारांत दलालाला देतात आणि सुटल्याचा श्वास सोडतात. ती गाय मरत नाही, दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या बाईच्या दावणीला जाते. पांजरपोळात पाठवायची असली तरी तिथल्या माणसांना आधी खरं सांगा. तिथे शेकडो गुरं एकाच छपराखाली असतात.

बाधित गाय निघालीच तर तिला वेगळं बांधा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, स्वतंत्र गव्हाण आणि स्वतंत्र बादली. तिचं वासरू दुसऱ्या गाईच्या किंवा उकळून कोमट केलेल्या दुधावर वाढवा. माणसांची क्षयाची औषधं गाईला देऊ नका. महिनोन्‌महिने द्यावी लागतात, मधेच सुटतात, आणि जंतू मात्र औषधाला निर्ढावतो.

आणि गोठा. हा रोग मुख्यतः श्वासातून पसरतो. आपल्या कोकणात चार महिने गुरं आत कोंडलेली असतात. पावसाची झड येऊ नये म्हणून आपण झावळ्यांची झापं लावून सगळ्या फटी बुजवतो आणि आत ओल, काळोख, शेणाची वाफ आणि एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभी गुरं. क्षयाच्या जंतूला याहून सोयीचं काही नाही. उन्हात तो टिकत नाही, ओल्या काळोखात मात्र आठवडेच्या आठवडे जगतो. झापं खाली लावा, पण छपराखाली हातभर मोकळी जागा चारी बाजूंनी ठेवा, वाफ तिथून निघून जाईल. गव्हाण खरवडून धुवा, भिंतींना चुना मारा, चार कौलं काढून काचेची बसवा. पाऊस सुरू व्हायच्या आधी हे उरकलं तर त्या कांडेचोराला मारून जे मिळणार नाही ते मिळेल.

कांडेचोर माळ्यावर उंदीर खातो, पिकलेली फळं खातो. केळीचा घड फस्त करतो हेही खरं. आंब्याकाजूचं वानर आणि रानडुकरांनी केलेलं नुकसान मी घरी भोगतो, त्यामुळे रानातल्या प्राण्यावर येणारा राग मला परका नाही. पण तो राग वेगळा आणि हा रोग वेगळा. कांडेचोर आणि साळिंदर या दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हेही मुलांच्या कानावर घाला. गव्हाणीतलं खाद्य रात्री उघडं ठेवू नका, म्हणजे कुठलाच प्राणी त्यात तोंड घालणार नाही.

वाडीतल्या म्हाताऱ्यांना बुळकांडी आठवत असेल, नाहीतर त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. एकेका साथीत गावंच्या गावं गुरांवाचून रिकामी व्हायची. रानातले गवेसुद्धा आपल्या गुरांकडून ती घेऊन मेले. मी नोकरीला लागलो तेव्हा पाठीवर बर्फाची पेटी घेऊन धनगरवाड्यांवर लस टोचत हिंडलो आहे. भारतात शेवटची बुळकांडी १९९५ मध्ये दिसली आणि २०११ मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. ती घालवायला आम्हाला रानातला एकही गवा मारावा लागला नाही. लस होती, घरोघरची नोंद होती आणि बाजारावर नजर होती.

प्रश्न : मग गाईला बीसीजीची लस का देत नाहीत? आम्हाला तर जन्मल्यावरच देतात. (देवगडहून एक विद्यार्थी)

उत्तर : चांगला प्रश्न आहे, बाळा. तुझ्या दंडावरचा व्रण मुळात गाईच्याच जंतूचा आहे. फ्रान्समध्ये लील इथे काल्मेट आणि गेरँ या दोघांनी गाईच्या क्षयाचा जंतू घेतला आणि बैलाच्या पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर १९०८ पासून तेरा वर्षं, २३० वेळा पुन्हा पुन्हा वाढवला. त्यात त्याची नांगी गळाली. ती ही लस. दोघांतला गेरँ हा पशुवैद्य होता, याचा मला अभिमान वाटतो. गाईला ती दिली तर काही प्रमाणात उपयोग होतो, पण मग ट्युबरक्युलिनची सूज लसीमुळे आली की रोगामुळे हे ओळखता येत नाही. तो फरक दाखवणाऱ्या नव्या चाचणीचे गाईंवरचे प्रयोग इंग्लंडमध्ये २०२१ पासून सुरू आहेत. बॅजरसाठीची टोचायची बीसीजी मात्र तिकडे २०१० पासूनच मिळते आणि वेल्सने २०१२ मध्ये मारण्याऐवजी टोचण्याचा रस्ता धरला.

प्रश्न : आमच्या घरात धारोष्ण दूध पिण्याची पद्धत आहे. सासरे रोज पितात आणि नातवालाही देतात. शेजारच्या गोठ्यात टीबी निघाल्यापासून मी घाबरले आहे, पण सासऱ्यांना कसं सांगू? (गुहागर)

उत्तर : त्यांना माझं नाव सांगा आणि हे वाचून दाखवा. काका, मीही धारोष्ण दुधावर वाढलो. आजी सडाखाली पेला धरायची आणि फेसासकट आमच्या तोंडाला लावायची. मी सात वर्षांचा असताना माझ्या धाकट्या बहिणीच्या मानेला गंडमाळा झाल्या. एकामागून एक गाठी फुटायच्या, वाहायच्या. वर्षभर रत्नागिरीला इंजेक्शनं चालली. ती वाचली, पण मानेवरचे वण राहिले आणि तिने जन्मभर पदर मानेभोवती घट्ट घेतला. त्याच वर्षी आमची तांबू गाय खंगून मेली होती. दुधातून झालं की कोणाच्या खोकल्यातून, याचा निवाडा आता होणार नाही. पण गंडमाळ हे दुधातून येणाऱ्या क्षयाचं जुनं, ओळखीचं रूप आहे आणि ते जास्त करून लहान मुलांत दिसतं. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये गाईच्या क्षयाने वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरत होती. ते मरण थांबवण्यात दूध तापवून विकण्याचा फार मोठा वाटा होता.

दूध ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलं तरी हा जंतू मरतो. घरी एक उकळी आणली की झालं. उकळून त्यातलं पोषण जातं ही समजूत सोडून द्या, जे जातं ते फार थोडं. चीक उकडून केलेला खरवस चालेल. कच्च्या दुधाचं विरजण लावू नका, दह्याच्या आंबटाने हा जंतू हमखास मरत नाही. भारतातल्या सुमारे सात टक्के गाईम्हशींना हा संसर्ग असावा, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आहे. वरून धडधाकट दिसणारी गायही त्यात असू शकते, म्हणून गाय बघून दुधाचा निवाडा करू नका.

आणि घरातल्या कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप किंवा मानेत गाठ असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथल्या डॉक्टरांना न विसरता सांगा की शेजारच्या गोठ्यात क्षय निघाला आहे आणि घरात कच्चं दूध प्यायलं जातं. क्षयावर सुरुवातीला देतात त्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड हे एक गाईच्या जंतूवर चालत नाही. त्यांना हे आधी कळलं तर कुठला जंतू आहे ते तपासायला नमुना पुढे पाठवतील. नातवाच्या मानेवरून आज आंघोळीच्या वेळी हात फिरवून बघा, जबड्याखाली आणि कानामागे.